टायटर ६ वर आले, मग संरक्षण गेले का? हिपॅटायटिस बी, बी पेशी आणि टी पेशी

प्रश्न एका परिचारिकेचा आहे. नर्सिंगच्या शिक्षणात त्यांनी हिपॅटायटिस बीच्या लसीचे तिन्ही डोस घेतले होते, शेवटच्या डोसानंतर दीड महिन्याने केलेल्या तपासणीत रक्तातील अँटीबॉडीचे, म्हणजे प्रतिपिंडांचे, प्रमाण (टायटर) २८० आले होते, आणि आता नऊ वर्षांनी, नव्या नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत, तेच टायटर ६ आले आहे. संरक्षणासाठी किमान १० हवे असे अहवालाच्या तळाशी छापलेले असल्यामुळे त्या घाबरल्या आहेत. एका वरिष्ठ सहकाऱ्याने त्यांना ‘काळजी करू नका, टी पेशींना आठवण असते’ असे सांगितले. ही आठवण नेमकी कोणाकडे असते आणि तिच्यावर विसंबून वॉर्डात सुया हाताळाव्यात का, असे त्यांनी विचारले आहे.

थेट उत्तर आधी देतो. आपली प्रकृती एरवी चांगली असेल, आपण डायलिसिसवर नसाल आणि प्रतिकारशक्ती दाबणारा आजार किंवा औषध नसेल, तर आपल्याला बूस्टर डोसाची गरज नाही. उद्या बाधित रुग्णाची सुई टोचली तरी हिपॅटायटिस बीपुरते आपल्याला वेगळे उपचार लागणार नाहीत. यकृताच्या रुग्णांमध्ये अनेक वर्षे काढल्यानंतर हे मी निश्चिंतपणे सांगू शकतो. मात्र आपल्या सहकाऱ्याने दिलेले कारण अर्धेच बरोबर आहे, आणि उरलेले अर्धे समजून घेतल्याशिवाय टायटरच्या आकड्याचा अर्थ लागत नाही.

विषाणू शरीरात दोन ठिकाणी असतो: पेशींच्या बाहेर, म्हणजे रक्तात किंवा श्लेष्म्यात तरंगत, आणि पेशींच्या आत. बाहेर असताना त्याला अडवण्याचे काम बी पेशी या एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींनी बनवलेली प्रतिपिंडे करतात. ती विषाणूच्या पृष्ठभागाला चिकटतात आणि तो ज्या भागाने पेशीला पकडतो तो भागच झाकून टाकतात. एकदा विषाणू यकृताच्या पेशीत शिरला की प्रतिपिंडांना त्याच्यापर्यंत पोहोचता येत नाही. तेथे टी पेशी या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींचे राज्य सुरू होते. ही कामाची वाटणी म्हणजे केवळ शिकवण्याच्या सोयीसाठी काढलेली रेघ नव्हे. ती निसर्गाने स्वतःच करून दाखवली आहे. अमेरिकेतील ऑग्डेन ब्रूटन यांनी १९५२ साली रक्तात प्रतिपिंडे जवळजवळ नसलेल्या एका मुलाचे वर्णन केले. या आजाराची मुले जिवाणूंनी होणाऱ्या न्यूमोनियाने आणि कानाच्या संसर्गाने सतत आजारी पडतात, परंतु गोवर आणि कांजिण्यांतून बहुधा इतर मुलांसारखीच बरी होतात. उलट, ज्या बाळांमध्ये जन्मतः टी पेशीच नसतात त्यांच्यासाठी साध्या कांजिण्याही जीवघेण्या ठरतात. विषाणूला पेशींतून हुसकावण्यासाठी टी पेशी लागतात, हे यावरून दिसते. पण याच वाटणीला एक अपवादही आहे: ब्रूटन यांच्या आजारातील मुलांना पोलिओच्या कुळातील आतड्यांचे विषाणू मात्र झेपत नाहीत आणि ते मेंदूपर्यंत पोहोचतात. आतड्यातून रक्तामार्गे मज्जासंस्थेकडे निघालेल्या विषाणूला वाटेत अडवणारे प्रतिपिंड नसले, तर नंतर टी पेशी असून फारसा उपयोग होत नाही.

आता आपल्या लसीकडे वळू. या लसीत विषाणू नसतोच. त्याच्या बाहेरच्या आवरणातील एक प्रथिन यीस्टच्या पेशींकडून तयार करून घेतलेले असते. हे प्रथिन दंडाच्या स्नायूत टोचले की डेंड्रायटिक पेशी त्याचे नमुने उचलून काखेतील लसिका ग्रंथीत नेतात. पायाला जखम झाली की जांघेत गाठ येते, तिला आपल्याकडे अवधाण म्हणतात; ती गाठ म्हणजे कामाला लागलेली लसिका ग्रंथीच असते, आणि लस घेतल्यावर काही जणांच्या काखेत हेच होते. ग्रंथीत लक्षावधी बी पेशी असतात आणि त्यांतील प्रत्येकीच्या पृष्ठभागावर एकाच विशिष्ट आकाराला चिकटणारा ग्राही असतो. हा ग्राही लस पाहून बनत नाही. जनुकांचे तुकडे वेगवेगळ्या तऱ्हेने जोडून शरीर असे असंख्य आकार आधीच, काहीशा आंधळेपणाने, तयार करून ठेवते. ही जोडणी कशी होते हे दाखवल्याबद्दल सुसुमु तोनेगावा यांना १९८७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे लस शरीराला नवीन काही शिकवत नाही. तिच्याशी योगायोगाने जुळणाऱ्या मोजक्या पेशींना ती हुडकून काढते आणि त्यांची संख्या वाढवते.

परंतु प्रथिन सापडले म्हणून बी पेशीला लगेच प्रतिपिंडे बनवण्याची मोकळीक नसते. ती ते प्रथिन गिळते, त्याचे तुकडे करते आणि एक तुकडा आपल्या पृष्ठभागावर मांडून साहाय्यक टी पेशीसमोर धरते. त्या टी पेशीनेही तोच परका तुकडा स्वतंत्रपणे ओळखला, तरच पुढचे काम सुरू होते. सरकारी कार्यालयात पैशाच्या फायलीवर दुसरी सही लागते, तसाच हा प्रकार आहे, आणि त्यामागचे कारणही तेच: एकाची चूक दुसऱ्याने पकडावी. ही दुसरी सही नसती, तर स्वतःच्याच शरीराविरुद्ध प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी पेशींना फारसा अटकाव राहिला नसता. हिपॅटायटिस बीच्या लसीला सुमारे ५ ते १० टक्के निरोगी प्रौढ प्रतिसाद देत नाहीत, त्यांतील अनेकांची अडचण या सहीपाशीच असते. प्रथिनाचे तुकडे मांडून दाखवणाऱ्या एचएलए रेणूंचे काही आनुवंशिक प्रकार असे आहेत की त्यांच्यावर या प्रथिनाचे तुकडे टी पेशींना नीटसे दिसतच नाहीत. वाढते वय, स्थूलपणा आणि धूम्रपान यांनीही प्रतिसाद घटतो. अशा व्यक्तीची प्रकृती एरवी उत्तम असू शकते. ‘इम्युनिटी कमी आहे’ असे तिला सांगून काढे आणि गोळ्या विकणाऱ्यांना हे ठाऊक नसते, किंवा ठाऊक करून घ्यायचे नसते.

सही मिळाली की ग्रंथीत एक विलक्षण काम चालते. विभागताना बी पेशी प्रतिपिंडाच्या जनुकात मुद्दाम चुका करतात, त्यांतून निघालेल्या पेशी पुन्हा साहाय्यक टी पेशींसमोर परीक्षेला बसतात, आणि प्रथिनाला अधिक घट्ट चिकटणाऱ्या तेवढ्या टिकतात. काही आठवडे हे चालू राहते. आपल्याला पहिला डोस, महिन्याने दुसरा आणि थेट सहाव्या महिन्यात तिसरा दिला, त्या मधल्या लांब अंतरामागे हाच विचार आहे: घासूनपुसून निवडलेल्या पेशी तयार झाल्यावर त्यांनाच पुन्हा हाक दिली, तर प्रतिसाद कित्येक पटींनी मोठा मिळतो. आपले २८० हे टायटर त्या तिसऱ्या हाकेचे उत्तर होते.

या साऱ्या खटाटोपातून शेवटी तीन गोष्टी मागे राहतात. पहिली म्हणजे प्लाझ्मा पेशी, ज्या अस्थिमज्जेत जाऊन बसतात आणि सेकंदाला हजारो प्रतिपिंडे रक्तात सोडतात. दुसरी, स्मृती बी पेशी, ज्या स्वतः काहीही सोडत नाहीत, केवळ वाट पाहतात. तिसरी, स्मृती टी पेशी. रक्तातील मुख्य प्रतिपिंडाचे, म्हणजे आयजीजीचे, अर्धे आयुष्य सुमारे तीन आठवड्यांचे असते. त्यामुळे नऊ वर्षांपूर्वीच्या त्या २८० मधला एकही रेणू आज आपल्या रक्तात नाही. आज मोजलेले ६ हे गेल्या काही आठवड्यांत ताजे बनलेले आहेत. पहिल्या दोन वर्षांत टायटर झपाट्याने उतरते, कारण अल्पायुषी प्लाझ्मा पेशी मरून जातात. त्यानंतर ते संथपणे उतरत राहते. प्रयोगशाळा मोजते ती फक्त पहिल्या गोष्टीची फळे. दुसरी आणि तिसरी गोष्ट त्या अहवालात नसतेच, आणि हे अहवालाच्या तळाशी कोणी छापत नाही.

मग त्या दोन गोष्टींवर भरवसा का ठेवायचा? येथे विषाणूचा वेग पाहावा लागतो. हिपॅटायटिस बीचा विषाणू संथ आहे. शरीरात शिरल्यापासून आजार दिसेपर्यंत एक ते सहा महिने, सरासरीने सुमारे अडीच महिने, लागतात. स्मृती बी पेशींना जाग येऊन त्यांनी प्रतिपिंडांचा लोंढा सोडण्यास साधारण चार ते सात दिवस पुरतात, कारण त्यांची निवड, घासपूस आणि दुसरी सही हे सर्व आधीच झालेले असते. टायटर १० च्या खाली उतरलेल्या व्यक्तींना लसीचा एक डोस दिला की बहुतेकांचे टायटर थोड्याच दिवसांत शेकड्यांत जाते. खरा विषाणू आला तर तोच त्या डोसाचे काम करतो. दीर्घकाळ पाठपुरावा केलेल्या लसवंतांपैकी काहींच्या रक्तात विषाणू चाटून गेल्याच्या खुणा सापडल्या आहेत, परंतु त्यांना कावीळ झाली किंवा विषाणू यकृतात कायमचा ठाण मांडून बसला, असे अगदी क्वचित घडले आहे. म्हणूनच एकदा १० किंवा त्याहून अधिक टायटरची नोंद झाली की पुढे ते उतरले तरी निरोगी आरोग्यसेवकाला बूस्टर देत नाहीत.

हाच युक्तिवाद इन्फ्लुएन्झाला लावला तर फसेल. त्याचा आजार एक ते चार दिवसांत दिसू लागतो. स्मृतिपेशी डोळे चोळत उठेपर्यंत ताप आलेला असतो, आणि त्यात तो विषाणू दर हंगामाला रूप पालटतो. तेथे रक्तात आणि श्वसनमार्गात आधीपासून तयार असलेली प्रतिपिंडेच महत्त्वाची ठरतात, म्हणून ती लस दरवर्षी घ्यावी लागते. कोविडच्या काळात लस घेतलेल्यांना पुन्हा संसर्ग होत होता, तरी फुप्फुसे निकामी होण्याचे प्रमाण त्यांच्यात कमी होते, यामागेही हेच गणित होते: संसर्ग टाळण्याइतकी प्रतिपिंडे उरलेली नव्हती, पण स्मृतिपेशी गंभीर आजाराच्या आधी पोहोचत होत्या. त्यामुळे ‘टायटर कमी म्हणजे संरक्षण नाही’ हे वाक्य एका आजारात बरेचसे खरे आणि दुसऱ्यात जवळजवळ खोटे असू शकते.

आता सहकाऱ्याच्या विधानातील अर्धसत्याकडे येतो. टी पेशी दोन प्रमुख प्रकारच्या: साहाय्यक, म्हणजे सीडी ४, आणि मारक, म्हणजे सीडी ८. आपल्या लसीने जी आठवण ठेवली आहे ती मुख्यतः बी पेशींची आणि साहाय्यक टी पेशींची. बाधित पेशी मारणाऱ्या सीडी ८ पेशींची फौज ही लस सहसा उभी करत नाही, कारण त्या फौजेला प्रामुख्याने पेशीच्या आत तयार झालेल्या प्रथिनांचे तुकडे दिसावे लागतात, आणि आपल्याला टोचलेले प्रथिन बाहेरून आलेले होते. खऱ्या संसर्गात मात्र मारक टी पेशींवाचून निभाव लागत नाही.

मारक टी पेशी बाधित पेशींना ओळखतात कशा, हे १९७४ साली ऑस्ट्रेलियात कॅनबेरा येथे रॉल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी यांनी उंदरांवरील प्रयोगांत दाखवले. एका वाणाच्या उंदराच्या मारक टी पेशी स्वतःच्या वाणाच्या बाधित पेशी मारत होत्या, परंतु तोच विषाणू दुसऱ्या वाणाच्या पेशींत असला तर त्यांना हात लावत नव्हत्या. याचा अर्थ असा निघाला की टी पेशी सुटा विषाणू पाहतच नाही. आपल्याच पेशीने आपल्याच एमएचसी रेणूवर मांडलेला त्याचा तुकडा ती पाहते. माणसात याच रेणूंना एचएलए म्हणतात. प्रत्येक पेशी आत काय शिजते आहे त्याचा नमुना सतत दारात मांडत असते, आणि गस्तीवरची मारक पेशी तो चाखून पुढे जाते. नमुना परका निघाला, तर ती त्या पेशीला भोक पाडून आत्मनाशाचा आदेश देणारी विकरे (एन्झाइम) आत सोडते. या शोधाला १९९६ चे नोबेल मिळाले.

हिपॅटायटिस बीमध्ये या कामाची एक बाजू रुग्णांना नेहमी चकित करते: हा विषाणू यकृताची पेशी स्वतः मारत नाही. डोळे पिवळे होणे, रक्तात वाढलेले एसजीपीटी हे यकृतपेशींतील विकर, मळमळ ही बहुतांशी आपल्याच मारक टी पेशींच्या कारवाईची चिन्हे असतात. निरोगी प्रौढाला संसर्ग झाला तर ही कारवाई जोरदार होते, कावीळ दिसू शकते, आणि ९५ टक्क्यांहून अधिक जण विषाणूवर मात करतात. जन्माच्या वेळी आईकडून संसर्ग झालेल्या बाळात काहीच दिसत नाही, ना कावीळ ना ताप. आणि अशा सुमारे ९० टक्के बाळांमध्ये विषाणू कायमचा राहतो, कारण त्यांच्या टी पेशी त्याच्याशी लढत नाहीत. चाळिशीत सिरोसिस घेऊन येणारे कित्येक रुग्ण ‘मला तर कधी कावीळ झालीच नाही’ असे सांगतात, ते याचमुळे. म्हणून बाधित आईच्या बाळाला जन्मल्यावर २४ तासांच्या आत लसीचा पहिला डोस आणि सोबत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे दात्यांच्या रक्तातून काढलेली तयार प्रतिपिंडे, देतात. ही प्रतिपिंडे उसनवारीची असतात, काही महिन्यांत संपतात; तेवढ्या अवधीत बाळाच्या बी पेशींनी लसीवरून आपली प्रतिपिंडे उभी करायची असतात. भारताच्या लसीकरण कार्यक्रमात ही लस २००२-०३ मध्ये प्रायोगिक स्वरूपात आली आणि २०११ पासून देशभर दिली जाऊ लागली.

मारक टी पेशींनी प्रत्येक बाधित पेशी मारलीच असती, तर यकृतच उरले नसते, कारण तीव्र संसर्गात बहुतांश यकृतपेशी बाधित होऊ शकतात. चिंपांझींवरील अभ्यासांत असे दिसले की यकृताची मोठी हानी होण्यापूर्वीच विषाणूचा बराचसा भाग नाहीसा झालेला असतो. टी पेशी इंटरफेरॉन गॅमासारखी रसायने सोडतात आणि त्यांच्यामुळे यकृतपेशी जिवंत राहून आतल्या विषाणूची वाढ थांबवतात. मारणे हा त्यांचा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे. मला स्वतःला या आजारातील ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

तरीही विजय पूर्ण नसतो. विषाणूच्या डीएनएची एक बंद वलयाकार प्रत काही यकृतपेशींच्या केंद्रकात आयुष्यभर राहू शकते, आणि बी व टी पेशी मिळून तिला डोके वर काढू देत नाहीत. या पहाऱ्याचा पुरावा फार कटू मार्गाने मिळाला. लसिका ग्रंथींच्या कर्करोगावर रिटुक्सिमॅब नावाचे औषध देतात. ते सीडी २० हे चिन्ह असलेल्या बी पेशी पुसून टाकते. तीस वर्षांपूर्वी हिपॅटायटिस बीमधून पूर्ण बरे झालेल्या माणसाला हे औषध मिळाल्यावर विषाणू उसळून यकृत निकामी झाल्याची उदाहरणे आहेत, आणि असे रुग्ण मीही पाहिले आहेत. कर्करोग ओसरत होता आणि रुग्ण काविळीने जात होता. म्हणून आता हे औषध सुरू करण्यापूर्वी पृष्ठभाग प्रतिजनाबरोबर (विषाणूच्या आवरणातील प्रथिन) अँटी-कोअर प्रतिपिंडाचीही (विषाणूच्या गाभ्याविरुद्धचे, पूर्वीच्या संसर्गाची खूण असलेले प्रतिपिंड) तपासणी करतात आणि ते आढळल्यास विषाणूरोधक गोळ्यांचे संरक्षण देतात. पेशींच्या आतला विषाणू हा केवळ टी पेशींचा विषय, असे आपण वर म्हटले खरे. पण पेशीबाहेर निसटलेल्या प्रत्येक कणाला टिपणारी प्रतिपिंडे नसतील, तर टी पेशींचा पहाराही अपुरा पडतो. नागिणीत याच्या उलटे दिसते. कांजिण्यांचा विषाणू चेतापेशींच्या गाठींत दडून बसतो. साठीनंतर नागीण उठते तेव्हा रक्तातील प्रतिपिंडे बहुधा पुरेशी असतात, उतरलेली असते ती टी पेशींची ताकद.

आपल्याला यातून पुढे काय करायचे ते सांगतो. २८० टायटरचा जुना अहवाल शोधून त्याच्या प्रती काढा आणि नव्या रुग्णालयाच्या कर्मचारी आरोग्य विभागात द्या. निर्णय त्या अहवालावर व्हायला हवा, आजच्या ६ या आकड्यावर नव्हे. आपल्या ज्या सहकाऱ्यांनी डोस घेतले पण टायटर कधीच तपासले नाही, त्यांची गोष्ट वेगळी आहे: त्यांचे टायटर आज ६ आले, तर ते उतरून ६ झाले की कधी वर गेलेच नव्हते, हे सांगता येत नाही. त्यांनी लसीचा एक डोस घेऊन एक ते दोन महिन्यांनी टायटर तपासावे. ते १० च्या वर गेले तर स्मृती शाबूत होती असे समजावे. न गेल्यास आणखी दोन डोस घेऊन पुन्हा तपासावे. तरीही प्रतिसाद नसेल, तर पृष्ठभाग प्रतिजन आणि अँटी-कोअर तपासून आधीचाच संसर्ग नाही ना हे पाहावे, आणि पुढे कधी बाधित रुग्णाची सुई टोचल्यास त्यांना इम्युनोग्लोब्युलिन लागेल अशी लेखी नोंद ठेवावी. डायलिसिसवरील रुग्णांचा नियम याहून निराळा आहे. त्यांचे टायटर दरवर्षी तपासतात आणि १० च्या खाली गेले की डोस देतात, कारण त्यांच्या स्मृतिपेशींच्या वेगावर तितका भरवसा ठेवता येत नाही.

सुई टोचलीच, तर जागा साबणपाण्याने धुवा, पिळत बसू नका, आणि त्याच तासात नोंद करा. हिपॅटायटिस बीपासून आपण सुरक्षित आहात, परंतु त्याच सुईतून हिपॅटायटिस सी आणि एचआयव्हीही येऊ शकतात. त्या दोहोंवर आजही लस नाही, आणि एचआयव्हीसाठीच्या प्रतिबंधक गोळ्या जितक्या लवकर, आणि काहीही झाले तरी ७२ तासांच्या आत, सुरू होतील तितका त्यांचा उपयोग.